राहती जागा

करसल्लागाराने घराचा नकाशा टेबलावर पसरला आणि लाल-निळी पेन्सिल काढली. "भाड्याने दिलेला भाग लाल, राहता भाग निळा. विक्रीच्या नफ्यात निळ्यावर कर नाही. लालवर आहे, तो दोघांनी अर्धा अर्धा भरायचा."

दोघं म्हणजे ताई आणि तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर घर दोघांच्या नावावर आलं आणि आता विकलंही गेलं. भाऊ बायकामुलांसह तिथेच राहिलेला. ताईचा संसार दूरच्या शहरात. हा काहीतरी लपवतोय, हा किडा महिनाभर तिच्या डोक्यात वळवळत होता. भाड्याचा विषय काढला की याला नेमका ठसका लागायचा. म्हणून ती हटूनच बसली होती: आधी भाडेकरार दाखव, मग कराच्या कागदांवर सही.

"कोणती खोली दिली होती?" सल्लागाराने विचारलं.

"मागची," भाऊ पुटपुटला.

"काहीही काय सांगतोस! मागची आईची खोली. मी आले की तिच्याजवळ तिथेच तर झोपायचे."

भावाने करार पुढे केला. सल्लागार वाचता वाचता हसला. "असलं कलम पहिल्यांदाच बघतोय. 'दरवर्षी मे महिन्यात चार दिवस भाडेकरूने सामानासकट खोली मोकळी करून द्यावी.' सात वर्षांचा करार आहे. हे चार दिवस कशाला हो?"

ताई दरवर्षी मे महिन्यातच यायची. चार दिवस. त्याहून जास्त रजा तिला कधी मिळाली नव्हती.

भाड्याचे पैसे याने परस्पर खाल्ले असतील, एवढीच तिच्या संशयाची धाव होती.

"मग आई कुठे असायची रे?"

"अगं, मुलं मोठी झाली, जागा पुरेना..." भाऊ टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. "आईच म्हणाली, ताईला कळू देऊ नकोस."

सल्लागाराचं डोकं नकाशातच होतं. "आता राहिली ही जिन्याखालची कोठी. खिडकी दिसत नाही. भाडेकरूचं सामान ठेवत असाल तर लालमध्ये जाईल. की कुणी राहायचं इथे?"

भावाने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा त्या पेन्सिलीकडे.

"आई," तो म्हणाला.

"वा! मग तीही राहती जागा." सल्लागाराने कोठी निळी करून टाकली आणि एक कोरा कागद ताईपुढे सरकवला. "फक्त हे घरातल्याच कुणीतरी लिहून द्यायला हवं. तुम्ही त्यांची मुलगी, दरवर्षी जात होतात. आई तिथे राहते हे मला माहीत होतं, एवढंच लिहा ताई, आणि खाली सही करा. तुमचाही कर वाचेल."