बिननावाचा कुत्रा

खडक तव्यासारखे तापले होते. कुत्र्याला पंजे टेकवत नव्हते आणि चष्मेवाल्याला दोन पायांवर उभं राहणंही जड जात होतं. त्याने थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं आणि हाक मारली, "राजा, ये." कुत्रा आला नाही. झाकण पुढे सरकवलं तेव्हा निमूटपणे प्यायला.

महिनाभर हेच चाललं होतं. कुत्रा धाकट्या भावाचा. भाऊ डोंगरापलीकडच्या गावात एकटा राहायचा, एकटाच गेला. शेजारणीने दोरी हातात दिली, पण ती नुकतीच राहायला आलेली, नाव तिलाही ठाऊक नव्हतं. चष्मेवाल्याने मोती, शेरू, टायगर, जगातल्या यच्चयावत कुत्र्यांची नावं घेऊन पाहिली. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. भावाला विचारायची सोय तो जिवंत असतानाही नव्हती. आई गेली त्या दिवशी चष्मेवाला चार माणसांत त्याला "आता आलास कशाला?" म्हणून बसला, आणि तो आल्या पावली गेला तो गेलाच. मधे डोंगर होता, आणि दोघांचा ताठा त्याहून उंच.

चष्मेवाल्याचं घरही रिकामंच. बायको केव्हाच गेलेली, मुलगी दूरदेशी. पण आपल्याला न ओळखणारं कोणी घरात वावरू लागलं की घर जास्तच खायला उठतं. म्हणून कुत्रा माथ्यावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकायचं त्याने ठरवलं होतं. भाऊ दर रविवारी पलीकडून चढून त्या पहारेकऱ्याकडे जायचा, एवढं शेजारणीने सांगितलं होतं.

माथा दिसू लागला तशी कुत्र्याने दोरीला ओढ दिली. उघड्या कातळावर एक लाकडी खोली होती. तिथे उन्हाळाभर वणव्यांवर नजर ठेवणारा पहारेकरी राहायचा. त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि हाक मारली, "भोपळ्या!"

कुत्रा दोरी हिसकावून धावला. आणि चष्मेवाल्याच्या तोंडून "ओ" निघून गेली.

लहानपणी तो असा गोलमटोल होता की धाकटा त्याला दादा म्हणायचाच नाही, भोपळ्या म्हणायचा. आई रागवायची. दुसऱ्या कोणी त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती. आता अंगाची काडी झाली होती, तरी ते नाव ऐकून त्याच्या कानशिलांत आग पेटली. गेलेल्या भावाने कुत्र्याच्या गळ्यात थोरल्याचं नाव बांधून उट्टं काढलं होतं.

पहारेकऱ्याने त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं. आपण खालच्या गावचे, गेलेल्याच्या नात्यातले, एवढंच चष्मेवाल्याने सांगितलं, सख्खा भाऊ म्हणाला नाही. कुत्रा ठेवून घ्यायला पहारेकरी आनंदाने तयार झाला.

"असलं कसलं नाव ठेवलं हो त्याने?" दोरी देता देता चष्मेवाल्याने विचारलं. आवाजातला कडवटपणा त्याला लपवता आला नाही.

"मलाही नवल वाटायचं," पहारेकरी म्हणाला. "दर रविवारी निघताना त्या टोकावर उभे राहून घसा फाटेपर्यंत हाका मारायचे. मी म्हणायचो, अहो, कुत्रा तुमच्या पायाशी बसलाय. तरी ते खाली तुमच्या गावाकडे तोंड करूनच ओरडायचे."