शंभर टक्के स्वच्छ

माझ्या सात महिन्यांच्या लेकीला, अन्वीला, विकतच्या नाचणी सत्त्वाने जुलाब झाले. मी पाकिटावरचा पत्ता शोधत थेट नगरला कारखाना बघायला गेले. तिथे होती एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर एकोणतीस कंपन्यांच्या पाट्या.

"कारखाना कुठंय?" मी टेबलामागच्या काकांना विचारलं.

"ताई, आमी नुसता पत्ता भाड्यानं देतो. माल कुठं बनतो, आमालाबी म्हाईत न्हाई."

"मग पाकिटावर स्वच्छतेचं प्रमाणपत्र छापलंय, ते खोटं?"

"खोटं कसं? तपासणीला साहेब सोता आल्ते की!"

"आणि तपासलं काय त्यांनी?"



"हीच खोली. म्हनले, इतका स्वच्छ कारखाना उभ्या जिल्ह्यात न्हाई!"