एका तारेवरचं गाव

एक लांब आणि दोन आखूड घंट्या म्हणजे फोन हिल्डाचा, हे नेब्रास्कातल्या त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला पाठ होतं, कारण सगळ्यांची तार एकच होती. घंटी कुणाचीही वाजो, घरोघरचे रिसीव्हर कानाला लागत. आणि ऐकणारे वाढले की आवाज बारीक होत जाई.

पिठाचे हात एप्रनला पुसत हिल्डा धावली. नवराच होता, एमिल, बंदरावरून! उद्या त्याचं जहाज लढाईवर निघणार होतं. सारख्या छावण्या बदलणाऱ्या त्याला पत्रं काही गाठत नव्हती, आणि बाळाची बातमी आपल्याच तोंडून सांगायची, असं तिने ठरवून ठेवलं होतं. पण त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता.

"ठेवा बघू सगळ्यांनी फोन!" ती कडाडली. "लाज कशी वाटत नाही?"

खट्, खट्, खट्.

"हिल्डा," आता तो अगदी कानाशी बोलला, "मुलगा की मुलगी?"

तिने एप्रनने डोळे पुसले आणि सांगायला तोंड उघडलं.

"अरे, मुलगी झालीय!" न राहवून पुन्हा रिसीव्हर उचलून शेजारच्या लिंडक्विस्टबाई बोलल्याच. "नाक थेट तुझं."

"काहीतरीच! नाक हिल्डाचं आहे," पलीकडच्या मळ्यातून दुसरी म्हणाली.

"तुम्ही पाळण्यात डोकावलात कधी?" तिसरीने विचारलं.

"मी सांगणार होते ना!" हिल्डा रडत ओरडली. "आता तरी ठेवा!"

"नको गं," एमिलचा बारीक झालेला आवाज आला. "कुणीच ठेवू नका. भांडा की अजून थोडं."