तक्रारीची दखल

“खरं सांगा. या खोलीतलं या खोलीतच राहील,” डॉ. एल्विरा सान्तोयो म्हणाल्या आणि स्वतः उठून त्यांनी दार लावलं.

टेबलाभोवतीच्या सातही इंटर्ननी एकमेकांकडे पाहिलं. बाई विद्यापीठाकडून आल्या होत्या. डोंगरातल्या या इस्पितळात पोरांना डॉक्टरकी धड शिकवतात की नाही, हे त्या ठरवणार होत्या. टेबलावर मक्याचे गरम तामाले होते, प्यायला वाफाळतं आतोले होतं. एरवी इंटर्नला शिळी तोर्तिया-पोळीसुद्धा कुणी विचारत नाही. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

“शिकवायला मोठे डॉक्टर असतात ना सोबत?”

“असतात, डॉक्टरबाई.”

“झोप मिळते?”

“मिळते, डॉक्टरबाई.”

त्यांच्यातल्या यारेत्सीला हे ऐकवेना. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. आठवा इंटर्न ओदिलोन खाली अपघात विभागात एकटाच ड्यूटीवर होता. मागच्या महिन्यात त्याने मुख्य डॉक्टर किरोगांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, “रात्री इथे एकही मोठा डॉक्टर का नसतो?” तेव्हापासून त्याच्यामागे शिक्षेची ड्यूटी लागली. एक संपली की दुसरी. परवापासून त्याने पाठ टेकली नव्हती. आज सकाळी तो तिला भलत्याच नावाने हाक मारत होता आणि ते त्याच्या लक्षातही येत नव्हतं. बोलावं तर इंटर्नशिपचं सगळं वर्ष किरोगांच्या हातात. न बोलावं तर ओदिलोन कधीही कोसळेल.

“आमचा एक मित्र मरेल, डॉक्टरबाई,” ती म्हणाली.

मग सगळंच बाहेर पडलं. बाकीच्यांनी आधी माना खाली घातल्या, मग तेही बोलायला लागले. ऐकता ऐकता बाईंचे डोळे भरून आले. त्या मनाच्या चांगल्या होत्या, हेच तर दुःख. “इथेच थांबा,” म्हणून त्या तडक किरोगांकडे गेल्या.

परतल्या तेव्हा चेहरा खुलला होता.

“तुमच्या किरोगांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. माझ्यासमोर त्याला बोलावलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता घरी नीघ. तक्रारीची इतक्या तातडीने दखल घेतलेली मी कुठेच पाहिली नाही. याचे पूर्ण गुण देणार आहे मी.”

“घरी?” यारेत्सी उभी राहिली. “कसा गेला?”

“मोटरसायकलवर. म्हणत होता, जरा पडतो आणि मग जातो. मीच म्हटलं, आता इथे क्षणभरही थांबू नकोस, बाळा.”

लांबलेल्या ड्यूटीवरून सुटलेल्याला इथली पोरं कधी घाटात सोडत नसत. त्याची मोटरसायकल कुलपात टाकत, त्याला धुवायच्या चादरींच्या ढिगावर लोटत आणि झोप पुरी झाली की मगच जाऊ देत. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की बाहेरच्या माणसाला ते सांगावं लागतं हे एकालाही सुचलं नव्हतं. यारेत्सीलाही नाही. ती जिन्यावरून धावत सुटली. फाटक उघडं होतं आणि पहारेकरी नुसताच रस्त्याकडे हात करून दाखवत होता.

ओदिलोन परत आला तो घाटातून येणाऱ्या मालगाडीत, कॉफीच्या पोत्यांवर आडवा होऊन. गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला होता. अपघात विभागात दिवे चालू होते, खाट तयार होती, पण ओदिलोनच्या जागी कुणालाच बसवलेलं नव्हतं. पोरांनीच त्याला उचलून आत आणलं. यारेत्सीने त्याच्या मानेवर बोटं ठेवली. ठोका लागेना, तरी बोटं तिथून काढणं तिच्याने होईना.

डॉ. सान्तोयो धापा टाकत आत आल्या. “अरे, उभे काय राहिलात?” त्या ओरडल्या. “ड्यूटीवरचा डॉक्टर कुठे आहे? बोलवा त्याला!”

“आणलाय त्याला, डॉक्टरबाई,” यारेत्सी म्हणाली.