जाळीतून पडलेल्या अक्षता

कॉम्प्युटर सुरू व्हायचा, घरघरायचा आणि दोन मिनिटांत बंद पडायचा. आज तिसरा दिवस. माझं भाषांतर शुक्रवारी द्यायचं होतं आणि सासरे आरामखुर्चीतून रोज तेच ऐकवत होते, "दिवसभर त्याला जुंपल्यावर दुसरं काय होणार?"

वायरी काढून परत घालून झाल्या, प्लग बदलून झाला. शेवटी दुरुस्तीवाल्या बागव्यांना बोलावलं. त्यांनी सीपीयूचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि हसले. "पंखा अडकलाय, वहिनी. म्हणून तापून बंद पडतोय." चिमट्याने एकेक दाणा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. कुंकू लागलेले तांदूळ. मग झेंडूची एक वाळकी पाकळी.

दसऱ्याला मी आत पुऱ्या तळत असते. बाहेरच्या खोलीतली पूजा सासऱ्यांची. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते, त्यांची हातोडी आणि कानशी अजून पाटावर मांडतात.

तीन दिवस ऐकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. तळहात तसाच त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, हे काय?"

"अक्षता. वरच्या जाळीवर टाकतो मी दरवर्षी."

"पण कॉम्प्युटरवर कशाला?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दसऱ्याला हत्यारं पुजायची नाहीत? माझी पाटावर मावतात. तुझं मला उचलेना, म्हणून जागेवरच पुजलं."