अवयव पाडा

धुरापासून दूर नेणाऱ्या यानाच्या रांगेत चार तास झाले तशी नऊ वर्षांची जुई कुरकुरायला लागली. सापळे मास्तरांनी तिला कागद-पेन्सिल दिली. घरी त्यांची हीच रीत होती: संख्येचे अवयव पाड आणि खडीसाखर घे.

यानात फक्त मूळ क्रमांकाची, म्हणजे ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा क्रमांकाची, माणसं घेत होते. मास्तरांचा क्रमांक सम, म्हणजे प्रश्नच मिटला. ते इथेच धुरात मरणार होते. पण जुईच्या मनगटावरचा ५६०५२३६१ जन्मतःच यंत्राने झटपट चाचणी घेऊन मूळ ठरवला होता.

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या बाईंनी शिक्का उचलला.

“बाबा, माझाच क्रमांक फोडला!” जुई ओरडली. “दोनशे अकराने भाग जातो!”

“काहीतरीच काय,” मास्तर हसले. पण बाईंनी कागद घेतलाही होता. त्यांनी गुणाकार करून पाहिला, मग पुन्हा एकदा.

“यंत्रालासुद्धा नाही हो सापडलं,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “शिकवलं कुणी हिला?”

बाईंनी शिक्का न मारताच खाली ठेवला आणि पुढच्यांना हाक मारली.

जुईने हात पुढे केला. “बाबा, खडीसाखर?”