ट्रेमधला चेहरा

समान हक्कांच्या मोर्चात एक विद्यार्थी पोलिसांची गोळी कपाळात लागून मेला. दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टरने मोर्चाची निगेटिव्ह फोटोवाल्यापुढे टाकली.

"त्याच्या शेजारची ही पोरगी. हिला उचलायचंय. चेहरा मोठा करून दे."

ती फोटोवाल्याची पुतणी होती. निगेटिव्ह घेऊन तो आत गेला; इन्स्पेक्टर पाठोपाठ आला.

पण डार्करूममध्ये, ट्रेमधल्या कागदावर उमटला तो मेलेल्या पोराचा चेहरा. पुन्हा छापला, तरी तोच. शेजारचे आणखी दोघे छापून पाहिले, तरी तोच.

"फिरकी घेतोस माझी?"

"साहेब, तुमच्यासमोरच छापतोय."

"मग आता त्या मेलेल्याचाच छाप. बघू."

दोघे ट्रेवर वाकले. आधी मिशी उमटली, मग खांद्यावरचा बिल्ला. चेहरा इन्स्पेक्टरचा होता. कपाळात भोक होतं.

इन्स्पेक्टरने नकळत कपाळाला हात लावला. बोटं ओली झाली.